घरी दुभतं आहे

आमच्याकडे लग्नाकार्याला आलेल्या पाहुण्याला सहजासहजी घरी जाऊ देत नाहीत. त्याला आग्रह म्हणतात, पण तो सरळसरळ जुलूम असतो. चप्पल लपवतात, पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवतात, आणि तुम्ही काय वाट्टेल ते कारण सांगा, त्याला उत्तर तयार असतं. ताप आहे म्हणावं तर डॉक्टर इथेही आहे. पोराची परीक्षा आहे म्हणावं तर पेपर त्याला द्यायचा आहे, तुम्हाला नाही. एकच कारण असं आहे की ते ऐकल्यावर सगळा मांडव गप्प होतो. "घरी दुभतं हाये, धार काढायची हाये." एवढं म्हटलं की लपवलेली चप्पल बाहेर येते, वर बुंदीचा पुडा हातात पडतो आणि दोन माणसं रस्त्यापर्यंत पोचवायला येतात.

आमच्या घरी दुभतं कधीच नव्हतं. बाबा एसटीत कंडक्टर. त्यामुळे आमचं कुटुंब प्रत्येक लग्नात शेवटपर्यंत अडकायचं आणि तिसऱ्या दिवशीची शिळी बुंदी खाऊन परतायचं. बाबांना त्या कारणाचा फार हेवा वाटायचा. परतीच्या गाडीत ते आईला म्हणायचे की माणसाकडे पैसा नसला तरी चालेल, पण निदान एक धार असावी. आई म्हणायची, धार काढणार कोण? तिथे विषय संपायचा.

आई गेल्यावर बाबा आंजीला, गावातल्या घरात, एकटे राहिले. मी वर्ध्याला एका शाळेत मराठी शिकवते. रविवारी स्कूटीवरून त्यांच्याकडे जायचं, आठवड्याची भाजी भरायची, चिडचिड करायची आणि परत यायचं, असा माझा क्रम होता. दादा पुण्याला असतो. मोठा फ्लॅट, त्यात बाबांसाठी वेगळी खोली, खोलीला लागून बाथरूम, भिंतीला धरायला दांडा. दादा वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत. तो वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. त्याला खरोखरच रात्री झोप लागत नव्हती की बाप तिकडे एकटा पडला-झडला तर काय. दिवाळीनंतर तो बाबांना कायमचं न्यायला येणार होता.

बाबा आधी एकदा तिकडे राहून आले होते. तिथल्या लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही हे त्यांना सहन झालं नाही. नोकरीची सवय, म्हणून लिफ्टमध्ये शिरलं की ते म्हणायचे, "पुढं सरका, पुढं जागा हाये." माणसं खरंच सरकायची, पण बोलायची नाहीत. आंजीला मात्र त्यांचा दिवस भरलेला. सकाळी बुद्धविहाराचं दार उघडायचं, झाडायचं, आणि मग बाहेरच्या ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचायचा. ऐकायला चार-सहा म्हातारे, कोणाला मोतीबिंदू, कोणाला अक्षरओळखच नाही. बाबा नुसतं वाचत नाहीत. प्रत्येक बातमीला आपला शेरा मारतात, मग त्या शेऱ्यावर भांडण होतं, आणि पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर यायला उन्हं चढतात.

"तिकडं मी कोनाले वाचून दाखवू?" ते मला म्हणाले.

"मग दादाला सांगा, मला यायचं नाही."

हे त्यांना जमणारं नव्हतं. आयुष्यभर बिनतिकिटाच्या माणसाला भर रस्त्यात उतरवणारा हा गृहस्थ पोटच्या पोराला नाही म्हणू शकत नव्हता. त्याच्या मनाला लागेल, त्याने खोली सजवली, त्याला वाटेल बापाला आपल्या घरचं पाणी गोड लागत नाही. त्यांना असं कारण हवं होतं की ज्याने कोणाचंच मन दुखणार नाही. मी वैतागून म्हटलं, "मग घ्या एखादं दुभतं जनावर, आणि सांगा, धार काढायची आहे."

मी हे टोमण्याने बोलले होते. बाबा मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिले की मी जन्मात पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं बोलले असावे.

पुढच्या रविवारी गेले तर ओट्यावर सभा भरली होती. पेपर घडी घालून बाजूला, आणि विषय बाबांचं जनावर. म्हैस बाद झाली, कारण ती बाबांना ओढून कुठे नेईल याची खात्री नव्हती. गाय बाद झाली, कारण तिला बांधायला जागा नव्हती. उरली बकरी. शेळी म्हणजे गरिबाची गाय, हे प्रत्येकाने आपापल्या परीने एकेकदा सांगितलं. बाबांच्या बैठकीतल्या एका काकांनी तर बकरीच्या दुधाने माणसाचा दमा, सांधे आणि स्वभाव सुधारतो असंही सांगितलं. त्यांच्याकडे स्वतः दहा वर्षं बकरी होती म्हणे. त्यांचा स्वभाव पाहता मला शंका आली. त्यांच्याच ओळखीचा एक बकऱ्यांवाला रोहण्याला होता आणि त्याच्याकडे स्वस्तात जनावर मिळण्यासारखं होतं.

स्वस्तात का, हे आम्ही विचारायला हवं होतं. पण स्वस्त म्हटलं की आमच्या घराण्याची विचारशक्ती थांबते. आम्ही दोघं स्कूटीवर रोहण्याला गेलो. बकऱ्यांवाला भला माणूस. त्याने चहा पाजला, आणि काळी, कानावर पांढरे ठिपके असलेली एक बकरी पुढे उभी केली. बाबांनी तिच्याभोवती फेरी मारली. त्यांना बकरीतलं काही कळत नाही, पण उभ्या आयुष्यात त्यांनी पोरांची उंची पाहून अर्धं की पूर्ण तिकीट ते ठरवलं होतं. त्याच नजरेने त्यांनी तिला पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "फुल हाये."

बकऱ्यांवाला म्हणाला, "पयलारू हाये, काका. गरीब हाये, लाथ नाई मारत."

पहिलारू. हा शब्द मला ठाऊक होता. मराठीची शिक्षिका आहे मी. पहिलारू म्हणजे पहिल्या वेताची. वेत म्हणजे बाळंतपण. म्हणजे हिचं पहिलं बाळंतपण झालं आहे, म्हणजे हिला दूध आहे. मी बाबांना मान हलवून दाखवली आणि बाबांनी सौदा पक्का केला. त्या माणसाने पुन्हा एकदा, "पाहून घ्या, पयलारू हाये," असं बजावलं होतं, आणि आम्ही दोघांनी, "हो हो, तेच पायजे," असं म्हटलं होतं. एवढं सगळं झाल्यावर कोणाला दोष द्यायचा?

येताना बाबा मागे बसले, बकरी आमच्या दोघांच्या मध्ये, तिची मान माझ्या खांद्यावर. वाटेत लोक वळून पाहत होते. तिने माझ्या ओढणीचं टोक खाल्लं, मग हेल्मेटचा पट्टा चघळला. बाबा मागून म्हणत होते, "खाऊ दे, तिले दूध बनवा लागते." मला राग येत होता आणि हसूही येत होतं, आणि आई गेल्यापासून बाबांचा आवाज इतका उत्साहाने भरलेला मी ऐकला नव्हता, हेही खरं. घरी पोचताच त्यांनी बकरीला पाणी दाखवायच्या आधी दादाला फोन लावला. "दुभतं जनावर घरात आलं बरं," ते म्हणाले, आणि हा पहिला वार कसा लागला ते माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच कळवलं.

संध्याकाळी बाबांनी हातपाय धुतले, आईचा स्टीलचा गंज, म्हणजे दुधाचं पातेलं, घासून घेतला आणि बकरीखाली बसले. चहाचं आधण मी चुलीवर ठेवलं होतं. आधण उकळून आटलं, पुन्हा पाणी घातलं, तेही आटलं. बाहेर येऊन पाहते तर बाबा घामाघूम आणि गंज कोरडा. बकरी मात्र मजेत पाला खात होती, तिला हे सगळं मालिश वाटत असावं.

शेजारच्या काकू भिंतीवरून पाहत होत्या. त्या येऊन वाकल्या, आणि खालीच बसल्या, हसून हसून. "भाऊजी, हे अजून जनलीच नाई. दूध कुठून देईन?"

मी रोहण्याला फोन लावला. बकऱ्यांवाल्याला आमच्या तक्रारीचं आश्चर्य वाटलं. "पयलारू हाये म्हनून दोनदा सांगतलं मॅडम. म्हंजे पयल्यांदा जनायची हाये." त्याच्या लेखी पहिलारू म्हणजे जिचं पहिलं बाळंतपण व्हायचं आहे ती. माझ्या लेखी जिचं झालं आहे ती. त्या दिवशीचं शहाणपण तेवढंच. बाबा मला म्हणाले, "तू तं मराठी शिकवतं ना?" आणि हा प्रश्न त्यांनी पुढे अनेक महिने, कारण असो नसो, विचारला.

मी म्हटलं, परत करू. बाबांनी ऐकलं नाही. एक तर दादाला फोन झाला होता. दुसरं म्हणजे काकूंनी बकरीचं पोट चाचपून, गाभण आहे, थोड्याच दिवसांत जनेल, असं सांगितलं होतं. मग ओट्यावरच्या एकेकाने येऊन पोट चाचपलं. दमा आणि स्वभाववाल्या काकांनी पोटाला कान लावला आणि दोन पिल्लं आहेत, एक नर एक मादी, असं जाहीर केलं. सगळ्या गावाने वाट पाहिली. पोट कधी मोठं व्हायचं, कधी उतरायचं. शेवटी लक्षात आलं की ज्या दिवशी बाबा वाचून झालेला पेपर बकरीच्या खुंट्यापाशी विसरतात, त्या दिवशी ते मोठं होतं. ती गाभण नव्हतीच. ती फक्त जेवलेली होती.

तिकडे पुण्यात मात्र बकरी भरपूर दूध देऊ लागली होती.

सुरुवातीला बाबा फोनवर म्हणायचे, चहापुरतं निघते. मग दादाने विचारलं की पिता ना रोज एक पेला, तर पेलाभर निघायला लागलं. वहिनी बोलायला आल्या. त्यांनी बकरीच्या दुधाचे फायदे वाचले होते आणि त्यांना फार कौतुक वाटत होतं. त्यांच्या कौतुकाने बाबा वाहवत गेले आणि काकूंकडेही रतीब सुरू केल्याचं सांगून बसले. मग वहिनींनी विचारलं, बाबा, त्या दुधाचा साबण करतात म्हणे, तुम्ही थोडं साठवून ठेवाल का? बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेले. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण साबणाचा मुहूर्त मी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला.

खोटं बोलणं आम्हाला जड जात नव्हतं असं नाही. बाबा तर दुकानातून दुधाची पिशवी आणायचे तीही शबनममध्ये तळाशी, वर पालक ठेवून, म्हणजे जणू पुण्याहून कोणी दुर्बीण लावून बसलं आहे. मी त्यांना म्हणायचे की हे फार दिवस चालणार नाही. ते म्हणायचे, दिवाळी निघू दे. रोज संध्याकाळी ते तिला पाला घालायचे, तिच्याशी बोलायचे, सकाळचा पेपर तिला थोडक्यात सांगायचे. या माणसाला राहायचं आहे, आपल्या गावात, आपल्या ओट्यावर, आणि त्यासाठी त्याला एका भाकड बकरीच्या आड लपावं लागतं आहे. राग मला दादाचा यायचा, आणि दादाची काही चूक नाही याचाही राग यायचा.

दिवाळीनंतर दादा आला, पण सांगितलेल्या दिवशी नाही. आदल्याच दिवशी सकाळी सेवाग्रामला उतरून, गाडी करून दारात हजर. नशिबाने रविवार होता आणि मी तिथे होते. बाबांनी मला डोळ्याने खूण केली. मी पिशवीतलं दूध गंजात ओतलं आणि चहा ठेवला. दादाने चहा प्यायला, पुन्हा एक कप मागितला आणि म्हणाला, पाकिटाच्या दुधाला अशी चव नाही. बाबांनी नम्रपणे खाली पाहिलं.

मग दादा म्हणाला, "बाबा, संध्याकाळची धार मले पाहाची हाये. तुमच्या सुनेले व्हिडिओवर दाखवतो म्हनलं."

त्या दिवशी बाबांनी जे काही केलं ते मी विसरणार नाही. ज्या माणसाने उभ्या हयातीत देवळाची पायरी चढली नाही, त्याने अर्धा तास केळझरच्या गणपतीचं वर्णन केलं. तो डोंगर, ते जुनं देऊळ, तिथली हवा, आणि सूर्यास्त तर तिथूनच पाहावा. शेजारच्या काकूंना जायचंच आहे, तू गाडीने घेऊन जा. "अंधार झाल्यावर येजो, घाई नोको करू." दादा हसला आणि म्हणाला, धार पाहिल्यावर जाऊ. बाबांचा चेहरा उतरला. ते आत जाऊन उगीच भांडी लावत बसले.

दुपारी दादा हात धुवायला मागच्या अंगणात गेला. मी खिडकीतून पाहत होते आणि एकाएकी मला दोरी आठवली. आमच्याकडे दुधाची रिकामी पिशवी फेकत नाहीत, धुऊन वाळवून भंगारवाल्यासाठी ठेवतात. आईची सवय, बाबांनी चालू ठेवलेली. मागच्या दोरीवर पिशव्यांची ओळच्या ओळ चिमटे लावून वाळत होती. सगळं खोटं निस्तरणारा हा हिशेबी माणूस तेवढी दोरी विसरला होता. दादाने एक पिशवी हातात घेतली, तिच्यावर छापलेलं वाचलं. मग ओळीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बकरीपाशी जाऊन वाकला आणि जरा वेळाने उठला. ती पिशवी त्याने जशी होती तशी दोरीला पुन्हा लावली. आत आला तेव्हा त्याच्या तोंडावरून मला काहीच कळलं नाही. मी बाबांना सांगावं की नाही, या विचारात संध्याकाळ झाली. नाहीच सांगितलं. सांगून त्यांनी काय केलं असतं?

बाबांनी हातपाय धुतले. गंज घासून घेतला. बकरीपुढे हिरवा पाला टाकला आणि तिच्या खाली बसले, आमच्याकडे पाठ करून. दादाने फोन लावून वहिनींना समोर घेतलं. काकू भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या. मला वाटत होतं की कोणीतरी काहीतरी पाडावं, वीज जावी, बकरीने लाथ मारावी. पण ती गरीब होती, बकऱ्यांवाला त्या बाबतीत खोटं बोलला नव्हता.

बाबांचे हात हलत राहिले. धारेचा आवाज काही येईना. त्यांची पाठ मला दिसत होती, सदरा मध्ये घामाने चिकटलेला, आणि ती पाठ हळूहळू लहान होत गेली. शेवटी हात थांबले, तरी ते उठले नाहीत, वळले नाहीत. कोणाकडे तोंड करून वळायचं?

फोनमधून वहिनींचा आवाज आला, "काय झालं? येत नाही का दूध?"

"नाही गं," दादा म्हणाला. "मी नवीन माणूस ना तिला. मला पाहून पान्हा चोरला तिनं."

वहिनी म्हणाल्या, असं करतात का जनावरं? दादा म्हणाला, करतात, ओळख लागते त्यांना. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बाबांच्या पाठीकडे पाहत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याचा आलेला सगळा राग त्या क्षणी कुठे गेला ते कळलं नाही.

"आणि ऐक," तो वहिनींना म्हणाला, चांगल्या मोठ्या आवाजात, बाबांना नीट ऐकू जाईल असा. "ती खोली राहू दे तशीच, येतील कधी चार दिवस. कायमचं नाही जमायचं त्यांना. घरी दुभतं आहे."

बाबा उठले. आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता त्यांनी रिकाम्या गंजावर ताटली झाकली, आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत, तो घरात नेला.